जुना पत्ता, नवी छपाई

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशातली आणि पुण्या-मुंबईची नातवंडे बडोद्याला येऊन गेली, की पुढचे दोन महिने या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. या वर्षी त्यांतली बरीच पत्रे जमवायच्या आणि खेळायच्या कार्डांविषयी आहेत. तेच जुने पत्ते पुन्हा पुन्हा छापले जातात, मग आपल्याजवळच्या जुन्यांचे काय, असा त्या सर्वांचा रोख आहे. माझे उभे आयुष्य छापखान्यात गेले, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा आहे आणि उत्तरे थोडी लांबली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. नावे छापू नयेत असे बहुतेकांनी कळवले असल्याने फक्त वस्तीचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा शाळेत असताना पोकेमॉनची कार्डे जमवीत असे. माझे धाकटे दीर १९९९ मध्ये अमेरिकेत होते आणि दर खेपेला त्याच्यासाठी पुडकी आणत. आता मुलगा टोरांटोला असतो आणि कार्डे आमच्या माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यांत आग ओकणारा चारिझार्ड आहे, ज्यासाठी तो तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. शेजारचा मुलगा म्हणतो, ‘काकू, हा तर कंपनीने पुन्हा छापला, जुन्याला आता कोण विचारतो?’ डबा ठेवावा की काढून टाकावा? (एक गृहिणी, दांडिया बझार)

उत्तर : काकूंनी डबा आधी माळ्यावरून खाली आणावा, कारण बडोद्यातल्या मे महिन्यात माळ्यावर जी भट्टी पेटते तिच्यात कागद टिकत नाही. शेजारच्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. चारिझार्ड पुन्हा छापला, आणि एकदा नव्हे तर अनेकदा छापला. इंग्रजीतला पहिला संच अमेरिकेत जानेवारी १९९९ मध्ये आला. त्यातला चारिझार्ड १०२ पैकी ४ क्रमांकाचा असून त्याचे चित्र मित्सुहिरो आरिता या जपानी चित्रकाराचे आहे. तेच चित्र २००० सालच्या दुसऱ्या मूळ संचात आले, २००२ मध्ये पुन्हा आले, २०१६ मध्ये ताकदीचे आकडे बदलून आले, आणि २०२१ मध्ये खेळाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त तर जुन्या क्रमांकासह जसेच्या तसे आले. एकाच चित्राची ही भावंडे आहेत. त्यांतले आपल्या डब्यात कोणते आहे, एवढेच पाहायचे.

कार्ड खिडकीपाशी न्या आणि चित्राच्या चौकटीकडे पाहा. चौकटीच्या खाली डाव्या अंगाला ‘पहिली आवृत्ती’ असा गोल काळा शिक्का असेल, तर ते घरातले थोरले भावंड. शिक्का नसेल तर चौकटीची उजवी कडा न्याहाळा. तिथे बारीक करडी सावली नसेल तर ते दुसरे, आणि सावली असेल तर ते पहिल्या संचाच्या पुढच्या, भरपूर झालेल्या छपाईचे. चित्राच्या खाली उजवीकडे चेंडूवर दोनचा आकडा असे चिन्ह असेल, तर ते २००० सालचे. पहिल्या संचाला तिथे चिन्हच नव्हते. २०२१ च्या प्रतीवर पंचविसाचा छाप आहे, त्यामुळे क्रमांक तोच असूनही फसगत होण्याचे कारण नाही.

आता मूळ शंका. नवी प्रत निघाली म्हणून जुनी मातीमोल होत नाही, कारण दोघींची गिऱ्हाइके वेगळी आहेत. १९९९ चा चारिझार्ड आजच्या अधिकृत स्पर्धेत खेळायला घेताच येत नाही, कारण तिथे अलीकडच्या संचांचेच पत्ते चालतात. म्हणजे त्याची किंमत खेळातल्या उपयोगाची नव्हतीच. ती होती पहिलेपणाची, आणि पहिलेपण पुन्हा छापता येत नाही. ज्याला ते चित्र आपल्या वहीत हवे आहे, तो २०२१ ची प्रत घेऊन समाधानी होतो आणि जुन्याच्या वाटेला जात नाही. उलट, नवी प्रत पाहूनच ज्याला आपले लहानपण आठवते, असा एखादा चाळिशीचा गृहस्थ जुनीच्या शोधात निघतो. पहिल्या आवृत्तीचा, उत्तम स्थितीचा एक चारिझार्ड २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरना विकला गेला, तेव्हा २०२१ ची फेरछपाई बाजारात येऊन काही महिनेच झाले होते.

बडोदेकरांना हे कळायला जड जाऊ नये. राजा रविवर्म्याने सयाजीराव महाराजांसाठी रंगवलेली पुराणातली चित्रे लक्ष्मीविलासाच्या आवारातल्या संग्रहालयात आपण पाहिली आहेत. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती दगडी ठशांवरून रंगांवर रंग चढवत छापून घरोघरच्या देवघरांत पोहोचल्या. माझ्या आजीच्या देवघरातली सरस्वती त्यांतलीच होती. त्या छापांमुळे राजवाड्यातल्या कॅनव्हासचा भाव उतरला असे आजवर कोणी म्हटलेले नाही, आणि आता तर ते जुने छापही लोक जपून ठेवतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कार्ड पुसू नका, इस्त्रीखाली सरळ करू नका, कडा कापू नका. हे स्वतःच्या पापावरून सांगतो आहे. माझ्या भाच्याकडे असेच एक जुने कार्ड होते, ज्याची पिवळी किनार डावीकडे जाड आणि उजवीकडे सुतासारखी बारीक होती. छापखान्यातल्या माणसाला असले वाकडे कटिंग पाहवत नाही. मी ते कार्ड आमच्या कटिंग मशीनवर नेले, पट्टी लावली, आणि एका दाबात डावी-उजवी किनार समसमान करून त्याच्या हातात ठेवले. भाचा काही बोलला नाही. त्याने कार्ड दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिले, ते आता दीड मिलिमीटरने लहान भरत होते, आणि मग तो म्हणाला, ‘मामा, हे आता कार्ड राहिलं नाही.’ कार्डांची प्रत ठरवून एक ते दहा गुण देणाऱ्या संस्था कापलेल्या कार्डाला गुणच देत नाहीत, हे मला नंतर कळले.

प्रश्न : मी कॉलेजात मित्रांबरोबर ‘मॅजिक’ हा जमवायच्या पत्त्यांचा खेळ खेळतो. दर नव्या संचात निम्मे जुनेच पत्ते पाहून राग येतो. चित्रकार आहेत, कल्पना सुचवणारे आहेत, पैसा आहे, मग तीस वर्षांपूर्वीचेच पत्ते परत छापणे हा आळस नाही का? (एक विद्यार्थी, फतेहगंज)

उत्तर : निम्मे म्हणजे जरा जास्तच झाले. पण राग समजू शकतो. हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने बेतला आणि तो ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आला. पहिली छपाई बेल्जियममधल्या टर्नहाउट गावच्या कार्टा मुंडी या पत्ते छापणाऱ्या कारखान्यात झाली, सुमारे २६ लाख पत्त्यांची, आणि ती बघता बघता संपली. त्याच वर्षी दुसरी छपाई आली, डिसेंबरात पांढऱ्या किनारीची तिसरी आली आणि एप्रिल १९९४ मध्ये सुधारित आवृत्ती. म्हणजे फेरछपाई ही या खेळात मागाहून आलेली खोड नाही, खेळाच्या पहिल्या वर्षातच ती सुरू झाली. तेव्हा कारण साधे होते : मागणी होती आणि माल नव्हता.

पुढे कारणे बदलली. या खेळात प्रत्येक जण आपापली गड्डी घरून बांधून आणतो. ज्याच्याकडे पत्ता आहे तो खेळणार आणि ज्याच्याकडे नाही तो बघत बसणार, असे झाले तर दोन वर्षांत खेळायला माणसेच उरणार नाहीत. ‘सोल रिंग’ पाहा. एक माना, म्हणजे पत्ता खेळायला मोजावी लागणारी ताकद, द्यायचा आणि दर खेपेला दोन मिळवायचे, असा हा पत्ता १९९३ च्या पहिल्या संचातला आहे. शंभर पत्त्यांच्या ‘कमांडर’ प्रकारात तो इतका लागतो, की २०११ पासून कंपनी जवळजवळ प्रत्येक तयार गड्डीत तो घालते. तुमच्यापैकी किती जणांना तो वेगळा विकत घ्यावा लागला? फार जणांना नाही, आणि त्यामुळेच तुमचा तो प्रकार चालतो.

दुसरे कारण भाषेचे आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. ‘लाइटनिंग बोल्ट’ हा एक लाल पत्ता घ्या. १९९३ मध्ये त्यावर, मराठीत सांगायचे तर, ‘एका लक्ष्याला तीनाची इजा’ इतकेच छापले होते. लक्ष्य म्हणजे कोण, समोरचा खेळाडू की त्याचा प्राणी, की दोघांतले कोणीही? पुढच्या छपायांत ‘प्राणी किंवा खेळाडू’ असा खुलासा आला, मग प्राणी आणि खेळाडू यांखेरीज आणखी एका जातीच्या पत्त्यावर मारा होऊ लागला तेव्हा त्यासाठी वेगळा नियम करावा लागला, आणि २०१८ पासून वाक्यच बदलून ‘कोणतेही लक्ष्य’ असे झाले. ‘काउंटरस्पेल’ या निळ्या पत्त्यावर तर सुरुवातीला ज्या जातीचे नाव छापले होते, ती जातच १९९९ च्या सहाव्या आवृत्तीत नियमांतून काढून टाकण्यात आली. जुना पत्ता हातात घेऊन नवखा मुलगा खेळायला बसला, तर पत्त्यावर छापलेले आणि आजचे नियम यांचा मेळ त्याला बसणार नाही. फेरछपाई म्हणजे त्या जुन्या पत्त्याचे आजच्या भाषेतले शुद्ध मुद्रित. जुना पत्ताही खेळता येतो, पण त्यावर काय छापले आहे यापेक्षा आजचा मजकूर काय म्हणतो ते धरायचे, असा नियम आहे.

आणि तुम्ही म्हणता तसा आळस असता, तर कंपनीने पत्ते काढूनही टाकले नसते. ‘बोल्ट’ चौथ्या आवृत्तीनंतर, म्हणजे १९९५ नंतर, मुख्य संचांतून गेला. एका लाल मानात तीनाची इजा फार स्वस्त पडते असे ठरले, आणि त्याच्या जागी पुढे दोनाची इजा करणारा ‘शॉक’ बसला. बोल्ट परतला तो थेट २००९ मध्ये, नव्या चित्रासह. दोन वर्षे राहिला आणि २०११ च्या संचात पुन्हा शॉक. ‘काउंटरस्पेल’ २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर तिथून गेला, आणि ‘मॉडर्न’ नावाच्या स्पर्धाप्रकारात त्याला प्रवेश मिळाला तो २०२१ मध्ये. कोणता जुना पत्ता कधी परत आणायचा, हे ठरवणे स्वयंपाकात मीठ घालण्यासारखे आहे. तुमच्या नजरेला परत आलेले पत्ते दिसतात, आणि वीस वर्षे बाहेर बसवलेले दिसत नाहीत.

तुमच्या गड्डीतला कोणताही पत्ता उलटा करा, म्हणजे छापखान्यातल्या माणसाला झोप येऊ न देणारी एक गंमत दिसेल. पाठीवर खाली ‘डेकमास्टर’ असा शब्द आहे. कंपनीच्या एका जुन्या योजनेतल्या खेळमालिकेचे ते नाव. ती योजना केव्हाच मागे पडली, शब्द मात्र तसाच आहे, आणि त्यावरून कोणाच्या तरी हातून चुकून गेलेला लेखणीचा ओरखडाही तसाच आहे. दुरुस्त करायला किती वेळ लागतो? प्लेट बदलायची, झाले. पण ते करता येत नाही, कारण १९९३ चा पत्ता आणि या महिन्यातला पत्ता एकाच गड्डीत पिसले जातात आणि पाठीवरून ते वेगळे ओळखू आले तर खेळच संपतो. आमच्याकडे एखाद्या लग्नपत्रिकेत अनुस्वार राहिला तर गिऱ्हाईक रात्री बाराला घरी येत असे. इथे एक चूक तीस वर्षे मुद्दाम जपून छापली जाते आहे.

प्रश्न : मग मॅजिकमधला ‘ब्लॅक लोटस’ हा जुना, दुर्मीळ पत्ता पुन्हा का छापत नाहीत? सर्वांना हवा आहे, कंपनीला पैसे मिळतील, कोणाचेच नुकसान नाही. (वरच्याच विद्यार्थ्याचा मित्र, पत्ता कळवलेला नाही)

उत्तर : नुकसान आहे, आणि ते कोणाचे हे १९९५ मध्ये कळले. त्या वर्षी कंपनीने ‘क्रॉनिकल्स’ नावाचा पांढऱ्या किनारीचा संच काढला. आधीच्या चार संचांतले, लोकांना न मिळणारे पत्ते त्यात पुन्हा छापले. निकोल बोलास हा गाजलेला ड्रॅगन त्यांतलाच. खेळणारे खूश झाले. पण ज्यांनी मूळ प्रती भरमसाट भावाने घेऊन ठेवल्या होत्या, त्या संग्राहकांचे आणि दुकानदारांचे भाव कोसळले आणि त्यांनी मोठा गिल्ला केला. खेळ जेमतेम दोन वर्षांचा होता आणि दुकानदार पाठ फिरवतील ही भीती खरी होती. १९९६ मध्ये कंपनीने एक राखीव यादी जाहीर केली : या यादीतले पत्ते खेळायच्या रूपात पुन्हा छापणार नाही. त्या यादीत आज साडेपाचशेहून अधिक पत्ते आहेत, १९९९ च्या एका संचापर्यंतचे. त्यानंतरच्या संचांतला एकही पत्ता तीत नाही. चकचकीत खास प्रतींची एक पळवाट उघडी होती, तीही २०१० मध्ये बुजवली.

‘ब्लॅक लोटस’ पहिल्या तीन छपायांत होता. अगदी पहिलीतल्या प्रती सुमारे ११०० निघाल्या असा हिशेब आहे. २०२२ मध्ये खेळाच्या तिसाव्या वर्षानिमित्त कंपनीने तो पुन्हा छापला, पण पाठ वेगळी ठेवून, म्हणजे स्पर्धेत न चालणारा. चार पुडक्यांचा, साठ पत्त्यांचा तो डबा ९९९ डॉलरना होता, आणि त्यात लोटस निघेलच असेही नव्हते. माझे प्रामाणिक मत विचाराल, तर क्रॉनिकल्स काढणे ही चूक नव्हती, यादी करणे ही चूक होती. तीस वर्षांपूर्वीच्या चार दुकानदारांचा राग शमवण्यासाठी दिलेला शब्द आज विशीतल्या मुलांना खेळाच्या जुन्या प्रकारांपासून दूर ठेवतो आहे. पण शब्द दिला तो दिला, आणि तो मोडला तर उद्या बाकीच्या शब्दांवर कोण विश्वास ठेवील, हा कंपनीचा पेच मी नाकारत नाही. घरी मित्रमित्रांत खेळायचे असेल तर साध्या पत्त्यावर ‘लोटस’ असे लिहून खेळा, कोणी पोलीस येत नाही.

प्रश्न : माझ्या नातवाकडे यु-गी-ओ या खेळातले निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या ड्रॅगनचे पाच पत्ते आहेत, पाचही निरनिराळे दिसतात. त्यांतला जुना कोणता? (एक आजोबा, रावपुरा)

उत्तर : चित्राच्या खाली उजवीकडे बारीक अक्षरांत एक खूण असते, ती वाचा. ‘एल-ओ-बी’ ही अक्षरे आणि ००१ असेल, तर तो मार्च २००२ मध्ये अमेरिकेत आलेल्या पहिल्या संचातला किंवा त्याच्या नंतरच्या छपाईतला. ‘एस-डी-के’ आणि ००१ असेल, तर कायबा या पात्राच्या नावाच्या तयार गड्डीतला. बाकी अक्षरांचे इंग्रजी पत्ते बहुतेक नंतरचे. हा संच २०२३ मध्ये वर्धापनानिमित्त पुन्हा काढला आहे, तेव्हा कोरा करकरीत दिसला की सावध राहा. हल्ल्याचे ३००० आणि बचावाचे २५०० हे आकडे पाचही पत्त्यांवर तेच असतील. या खेळाची कंपनी राखीव यादी वगैरे काही मानत नाही. ‘पॉट ऑफ ग्रीड’ हा पत्ता स्पर्धेत बंदी असूनही ती छापते. नातवाला पाचापैकी तीनच एका गड्डीत घेता येतात, उरलेले दोन तुमच्याकडे मागून घ्या.

प्रश्न : बँकेच्या ठेवीवर व्याज कमी झाले आहे. माझा मेहुणा सांगतो की सीलबंद कार्डांचे डबे घेऊन ठेवावेत, पाच वर्षांत तिप्पट होतात. फेरछपाईचा धोका किती? (एक निवृत्त अधिकारी, अलकापुरी)

उत्तर : मेहुण्याचा स्वतःचा डबा किती वर्षे पडून आहे, ते आधी विचारा. फेरछपाईने भाव उतरतो असे सरसकट म्हणतात, पण तेही धड खरे नाही, आणि म्हणूनच यात पैसे घालणे अवघड आहे. मॅजिकमधला ‘टार्मोगॉइफ’ नावाचा एक हिरवा पत्ता २००७ मध्ये आला, पुढे अतिशय महाग झाला. २०१३ मध्ये तो एका खास संचात पुन्हा छापला, तेव्हा सर्वांना वाटले आता पडणार. झाले उलटे. त्या संचामुळे नवे लोक ‘मॉडर्न’ प्रकारात खेळायला आले, प्रत्येकाला चार-चार टार्मोगॉइफ हवे झाले, संच पुरेसा छापलेला नव्हता, आणि भाव चढला. तो चढलेला पाहून ज्यांनी साठा केला त्यांच्यावर २०१५ आणि २०१७ च्या फेरछपाया आल्या, मग कंपनीने त्याहून जोरकस नवे पत्ते काढले, आणि एके काळी गड्डीतला सर्वांत महाग असलेला तो पत्ता आज कोणी फारसा विचारीत नाही. कंपनीने दोन्ही वेळा एकच गोष्ट केली होती, पत्ता पुन्हा छापला होता.

एवढे मात्र म्हणता येते : ज्याची किंमत खेळातल्या उपयोगावर आहे, त्याला फेरछपाईचा तडाखा बसतो, आणि ज्याची किंमत पहिलेपणावर आहे, त्याला फारसा बसत नाही. पण सीलबंद नव्या डब्यात पहिलेपण नसते, तो कालच हजारोंनी निघालेला असतो. त्यातून तो इथे ठेवायचा म्हणजे पावसाळा, वाळवी आणि दिवाळीतली साफसफाई या तिन्हींतून वाचवायचा. मी ठेव मोडणार नाही. हौस म्हणून एखादा डबा घेऊन नातवंडांसमोर फोडलात तर तो खर्च म्हणून लिहा.

प्रश्न : मंगळ बाजारात मी नातीसाठी सोनेरी पोकेमॉन कार्डांचे पुडके घेतले. दुकानदार म्हणाला, ‘बेन, आ तो एकदम ओरिजनल छे, नवुं छापकाम.’ सून म्हणते खोटी आहेत. फेरछपाई आणि खोटे यांत फरक कसा करावा? (एक आजी, रावपुरा)

उत्तर : सून बरोबर आहे. दुकानदाराने ‘नवे छापकाम’ म्हटले तेही एका अर्थी खरेच, फक्त छापले कोणी ते त्याने सांगितले नाही. फेरछपाई ही मालकाने केलेली असते, तिच्यावर ती कोणत्या संचातली आहे ते लिहिलेले असते, ती लपून राहत नाही. पुडक्यातली सगळीच्या सगळी कार्डे सोनेरी असणे हीच पुरेशी खूण आहे, कारण खऱ्या पुडक्यात बहुतेक कार्डे साधी असतात आणि चमकणारी मोजकी.

पण साध्या कार्डांतही खोटी येतात, म्हणून दोन कसोट्या सांगतो. पहिली भिंगाची. आमच्याकडे छपाई तपासायला दहापट मोठे दाखवणारे भिंग असते, ते कुठल्याही छापखान्यात मागितले तर पाहू देतील. चित्रावर धरले की चार रंगांच्या ठिपक्यांची फुले दिसतात, ती खऱ्यातही असतात. मात्र खऱ्या कार्डावरची काळी अक्षरे भरीव असतात, काठ स्वच्छ, कारण काळ्याची प्लेट वेगळी असते. खोटे कार्ड हे खऱ्याचे छायाचित्र काढून केलेले असते, त्यामुळे त्यातली अक्षरेही ठिपक्यांचीच झालेली दिसतात. दुसरी कसोटी कडेची. हे कागद दोन थर चिकटवून केलेले असतात आणि मधल्या थरात प्रकाश अडवायला गडद रंग घातलेला असतो. मॅजिकच्या पत्त्याची फाटकी कड पाहिली तर मधे निळसर रेघ दिसते, पोकेमॉनच्या कार्डात काळपट. बाजारातले खोटे कार्ड दिव्यासमोर धरा, मागचा चेंडू पुढून दिसतो. नातीला हे दोन्ही करून दाखवा. सोनेरी कार्डे काढून घेऊ नका, तिने त्यांच्याशी खेळावे, फक्त शाळेत कोणाच्या खऱ्या कार्डाशी अदलाबदल करू देऊ नका.

प्रश्न : आणि पावसाळ्यात चकचकीत कार्डे वाकून कमानीसारखी का होतात? जुनी तशीच राहिली, नव्या फेरछपाईतली वाकली. (वरच्याच आजींच्या सूनबाई)

उत्तर : चमक आणणारा पातळ पत्रा ओल शोषत नाही आणि त्याच्या मागचा कागद शोषतो. कागद फुगतो, पत्रा फुगत नाही, म्हणून कार्ड पत्र्याच्या बाजूला, म्हणजे चित्राच्या बाजूला, वाकते. हिवाळ्यात कोरड्या हवेत ते उलट्या बाजूलाही वाकेल. तुमची जुनी कार्डे सरळ राहिली याचे कारण ती बहुधा चकचकीत नसावीत. पाकिटात घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्यांबरोबर ठेवा. औषधाच्या बाटलीत निघतात त्याच पुड्या चालतात. डब्यावर जड पुस्तक ठेवू नका, आणि वरच्या पत्रातल्या काकूंना सांगितले तेच पुन्हा सांगतो, इस्त्री नको.